उताराला तोंड केलेली गाडी

जव्हारला आमच्या आळीत सपाट जागा अशी नाहीच. घराच्या ओट्यावरून खाली पाय टाकला की रस्ता आणि रस्ता म्हणजे उतार. त्यामुळे ज्याच्याकडे म्हणून गाडी होती तो ती संध्याकाळी उताराला तोंड करून लावायचा आणि चाकाखाली दगड सरकवून घरात जायचा. सकाळी बॅटरीनं मान टाकली तरी फिकीर नसायची. दगड काढायचा, गाडी घरंगळू द्यायची, दुसरा गिअर टाकून क्लच सोडायचा, की इंजिन चालू. स्कूटरपासून जीपपर्यंत सगळ्यांची हीच रीत. मी गाडी घेतली तेव्हा ही रीत मला कुणी शिकवावी लागली नाही.

त्या रीतीपायी आणि माझ्या तोंडापायी एका माणसाचं काय झालं, ते आज लिहायला बसलो आहे. इतकी वर्षं टाळलं.

दोन हजार सालाच्या नंतरची गोष्ट. माझा मेहुणा कल्याणला जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीत होता. त्याच्याकडे एक लाल गाडी वर्षभर पडून होती. जपानी, दोन दारांची, पुढून लांबट नि जमिनीला टेकलेली, शर्यतीच्या गाड्या असतात तशी. कुणा हौशी माणसानं जपानहून बोटीनं आणवलेली. बोनेट उघडलं की आतल्या बाजूला एक पिवळी चिठ्ठी चिकटवलेली होती, तिच्यावरची जपानी अक्षरं कुणालाच वाचता यायची नाहीत. गाडी ऑइल खाते हे कल्याणच्या बाजारात पोराटोरांना माहीत झालं होतं. मला मात्र मेहुण्यानं एवढंच सांगितलं, ‘दाजी, ही गाडी तुमच्यासारख्या माणसाकडेच शोभेल.’ मी फुगलो आणि घेऊन आलो.

बायकोनं गाडीला ओवाळलं आणि तबक खाली ठेवता ठेवता विचारलं, ‘आपण चौघं आणि दारं दोन. मागच्या दोघांनी खिडकीतून उड्या मारायच्या का?’

मी तेव्हा पोशेऱ्याच्या दोन शिक्षकी शाळेचा मुख्याध्यापक होतो. जव्हारहून मोखाड्याच्या रस्त्यानं रोज जायचो-यायचो. तोवर जीपच्या मागच्या फळीवर दोघांच्या मांड्यांमध्ये अंग चोरून बसत आलो होतो, त्यामुळे स्वतःच्या गाडीतून शाळेत उतरायचं याचं मला फार अप्रूप होतं. पण पहिल्याच आठवड्यात कळून चुकलं की आपण घरात खाणारं एक तोंड वाढवून ठेवलंय. घाट उतरताना गाडी शहाण्यासारखी उतरायची. खाली येऊन चढाला पाय दाबला की मागून निळ्या धुराचा असा लोट उठायचा की मागची एसटी दिसेनाशी व्हायची. एसटीचा ड्रायव्हर हॉर्न मारून मारून मला शिव्या द्यायचा. डिकीत ऑइलचा डबा कायमचा येऊन बसला. मी रोज सकाळी त्यातलं पाव लिटर इंजिनात ओतायचो, देवाला पाणी घालावं तसं, न बघता.

असं चार महिने चाललं. मग मी गाडी मिस्त्रीकडे नेली.

हा मिस्त्री मूळचा वांगणीचा. वांगणीत भात नि नागली पावसाच्या भरवशावर, आणि दिवाळी झाली की अर्धं गाव कामाला बाहेर. तोही असाच लहानपणी आईबापांबरोबर भिवंडीकडे गेला आणि तिथं एका गॅरेजात लागला. नऊ-दहा वर्षांत इंजिनाचं काम शिकला. आणि मग, जे आमच्याकडे सहसा घडत नाही ते त्यानं केलं. बायको आणि मुलगी घेऊन परत आला. वांगणीला गाड्या कुठल्या, म्हणून पोशेऱ्याच्या फाट्यावर पत्र्याची शेड टाकली. पुढं गॅरेज, मागं घर. मुलीचं नाव माझ्या शाळेत घातलं, ती तेव्हा चौथीत होती.

आमच्या शाळांचं एक दुखणं होतं, त्याशिवाय पुढचं समजायचं नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली की वर्ग निम्मा रिकामा असायचा. आईबाप वीटभट्टीवर, रेतीवर, बांधकामावर जायचे आणि मुलांना बरोबर न्यायचे. मी पाड्यापाड्यांवर जाऊन हात जोडायचो, रागवायचो, पण पोट कुणाचं ऐकत नाही. अशा वेळी हा एक माणूस मुलीच्या शाळेसाठी उलटा आला होता. पालकसभेत मी त्याला उभं करून सांगायचो, ‘बघा, हा बघा. हा राहिला की नाही?’ तो बिचारा मान खाली घालून हातातलं फडकं पिळत बसायचा. एकदा मला म्हणाला होता, ‘गुरजी, गॅरेज चाललं तर मी हितंच हाय. नाय चाललं तर मना परत भिवंडीच हाय.’ गॅरेज चालत होतं ते जीपवाल्यांवर. जव्हार-मोखाडा-त्र्यंबक करणाऱ्या सात-आठ जीपा फाट्यावर थांबायच्या आणि त्यांचं बारीकसारीक काम त्याच्याकडे यायचं. त्यांना त्याच्याकडे पहिल्यांदा मीच पाठवलं होतं.

मी त्याला अहो-जाहो करायचो. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढं ते सुटलं.

गाडी बघून तो आधी हसला. मग चालू करून सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला, हात हुंगला आणि म्हणाला, ‘पिस्टनच्या रिंगा गेल्यात, गुरजी. ऑइल वर चढतंय नि जळतंय.’ त्यानं इंजिनाचं हेड उतरवलं, पिस्टन बाहेर काढले. जपानी गाडीच्या रिंगा इथं कुठल्या मिळायला, पण त्यानं भिवंडीच्या जुन्या मालकाकडून मापं जुळवून मागवल्या. सगळं मिळून दहा-बारा दिवस लागले. मी रोज शाळा सुटली की शेडमध्ये जाऊन उभा राहायचो आणि त्याला नको ते प्रश्न विचारायचो. जुन्या रिंगा त्यानं मला हातात दिल्या. झिजून पातळ झाल्या होत्या. मी त्या नीट बघितल्यासुद्धा नाहीत, तशाच परत दिल्या.

गाडी चालू झाली आणि धूर नाही. चढाला पाय दाबला, आरशात बघितलं, मागचा रस्ता स्वच्छ. मला इतका आनंद झाला की जव्हारला पोचेपर्यंत मी मोठमोठ्यानं बोलत होतो, गाडीत एकटाच असून.

निघताना त्यानं मला बजावलं होतं, ‘आता डबा ओतायचा नाय. रोज सकाळी, इंजिन गार असताना पट्टी बघायची. खालच्या खुणेच्या खाली गेलं तरच घालायचं.’ पट्टी म्हणजे इंजिनात खोचलेली लांब पोलादी कांडी. बाहेर काढायची, पुसायची, परत घालायची, परत काढायची. तिच्यावर दोन खुणा असतात, ऑइल त्या दोहोंच्या मध्ये हवं. एवढं सोपं काम. मी शिक्षक माणूस, सांगितलेलं तंतोतंत करणारा. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात, गार इंजिनावर, मी पट्टी काढली.

ऑइल खालच्या खुणेला जेमतेम लागलं होतं.

मी म्हटलं, असेल, नवं काम आहे. पाव लिटर घातलं. तिसऱ्या दिवशी बघितलं तर तरीही कमीच. परत घातलं. आठवड्याभरात दीड डबा संपला, तेव्हा कुठं पट्टीवर ऑइल मधोमध आलं, आणि त्याच दिवशी घाटात आरशात निळं दिसायला लागलं. पुढच्या आठवड्यात इंजिन फुरफुरायला लागलं. वाटेतल्या एका चढावर ते एकदा असं आचके देत बंद पडलं की मागून येणारा खडीचा ट्रक माझ्या दरवाज्यापासून हातभर अंतरावरून गेला. मी स्टिअरिंग धरून बसून राहिलो. भीती ओसरल्यावर जो काही राग आला तो सगळा मिस्त्रीवर आला.

फाट्यावर पोचलो. त्यानं प्लग काढले. तेलकट काळे झाले होते. मग त्यानं पट्टी काढली, बघितली, पुसून परत बघितली. ‘गुरजी, ऑइल कमी नाय, जास्त हाय. लय जास्त हाय.’ त्यानं मला पट्टी दाखवली. वरच्या खुणेच्या दोन बोटं वर ऑइल होतं. मला वाटलं गरम इंजिनामुळे असेल, किंवा हा काहीतरी चलाखी करतोय. त्यानं खाली पत्र्याचं घमेलं ठेवून नट सैल केला आणि चांगलं दीड लिटर ऑइल काढून टाकलं. धूर गेला. गाडी घरी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात पट्टी बघितली. खालच्या खुणेच्याही खाली.

आता तुम्हीच सांगा, माझ्या जागी कुणाला काय वाटलं असतं? असं मी तेव्हा स्वतःला विचारायचो. खरं म्हणजे उत्तर सोपं होतं. दुसऱ्यानं कुणी जाऊन मिस्त्रीला शांतपणे विचारलं असतं. मी नाही विचारलं. मी पट्टीत कमी दिसतं म्हणून ऑइल घातलं, धूर आला म्हणून त्याच्याकडे नेली, त्यानं परत ‘जास्त हाय’ म्हणत काढून घेतलं, घरी येऊन बघतो तर परत कमी. दुसऱ्या खेपेला त्यानं काढलेलं ऑइल डब्यात भरून बाजूला ठेवलेलं मी पाहिलं आणि माझं डोकं पक्कं झालं. हा नव्या रिंगा म्हणून जुन्याच घासून बसवतो, गाडी धूर टाकते, मी येतो, हा माझंच चांगलं ऑइल काढून घेतो आणि मलाच सांगतो की जास्त आहे. जव्हारला एका दुसऱ्या मेकॅनिकनं गाडी न उघडताच मान हलवली, ‘रिंगाच खराब असणार, गुरुजी.’ मला तेवढं पुरलं.

तिसऱ्या खेपेला मी गाडी शेडपर्यंत नेलीच नाही. फाट्यावरच्या हॉटेलासमोर थांबवली. दुपारची वेळ, पाच-सहा जीपवाले बाकड्यांवर वडा-पाव खात बसलेले. मिस्त्री फडक्याला हात पुसत समोरून आला.

‘रिंगा कुठल्या घातल्यास?’ मी विचारलं. ‘खरं बोल.’

‘नव्या, गुरजी. भिवंडीवरून आल्या त्या.’

‘खोटं बोलतोस. जुन्याच घासून बसवल्यास. आणि वर माझं ऑइल काढून घेतोस. माझ्या डोळ्यांदेखत. लाज नाही वाटत?’

बाकड्यांवरचं खाणं थांबलं. माझ्या तोंडून अरे-तुरे ऐकून मिस्त्री दचकला की चोर ठरवल्यामुळे, ते मला कळलं नाही. ‘गुरजी, हितं बघा ना पट्टी. आत्ता बघा,’ तो म्हणाला आणि बोनेटकडे हात नेला.

‘हात लावू नकोस माझ्या गाडीला. मी रोज सकाळी बघतो. मला शिकवतोस?’

त्यानं हात मागं घेतला. मी जीपवाल्यांकडे वळून म्हणालो, ‘तुमच्याही गाड्या तपासून घ्या एकदा.’ हे शेवटचं वाक्य म्हणायची काहीच गरज नव्हती. ते म्हणताना मला बरं वाटलं होतं, हे कबूल करतो.

गुरुजी बोलले म्हणजे बोलले. आमच्याकडे तेव्हा असं होतं. अर्ज लिहायला, भांडण मिटवायला, मुलीचं स्थळ बघायला गुरुजी लागायचे. अशा गुरुजीच्या तोंडून फाट्यावर भर दुपारी चोर हा शब्द न उच्चारताही निघाला होता. आठवड्यात दोन जीपा जव्हारच्या गॅरेजात जायला लागल्या, पुढच्या आठवड्यात बाकीच्या. मी येता-जाता बघायचो. शेडमध्ये तो पान्हे मांडून बसलेला असायचा, समोर गाडी नाही. माझी गाडी धूर सोडत त्याच्या दारावरून जायची आणि मी समोर बघायचो.

खंडेनवमीला त्यानं पान्ह्यांना हळदकुंकू लावलं होतं. आमच्या भागात दसऱ्याला जीपवाले गाडी धुऊन, झेंडूचे हार घालून आपापल्या मिस्त्रीच्या दारात नेतात आणि नारळ मिस्त्रीच्या हातून फोडून घेतात. दसऱ्याला पोशेऱ्यात एका घरी जेवायचं आमंत्रण होतं म्हणून मी तिकडे गेलो होतो. फाट्यावर बघितलं तर शेडसमोर सडा घातलेला, मधोमध नारळ फोडायची फरशी धुऊन ठेवलेली, आणि एकही गाडी नाही. त्याची बायको दारात बसून हाराच्या फुलांतून पानं निवडत होती. मी गाडीचा वेग कमी केला. पण मी स्वतःला म्हटलं, केलं तसं भरतोय.

मुलगी वर्गात यायची. पुढच्या रांगेत बसायची, विचारलं तरच बोलायची.

दसऱ्यानंतर चार-पाच दिवसांनी आमच्या शेजाऱ्यानं घराच्या कामासाठी रेतीचा ट्रक मागवला. ट्रकवाल्यानं रेती बरोबर माझ्या जागेवर ओतली. संध्याकाळी घरी आलो तर वळायला जागा नाही. मी चरफडत गाडी पुढं नेली, मागं घेतली आणि शेवटी चढाला तोंड करूनच लावली. पहिल्यांदाच.

सकाळी पट्टी काढली. ऑइल वरच्या खुणेच्याही वर, कांडीला जिथं वाक आहे तिथपर्यंत लागलेलं.

माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? मिस्त्री रात्रीतून येऊन ऑइल भरून गेला, मला वेडा ठरवायला! वीस किलोमीटरवरून तो येणार कसा, बोनेट उघडणार कसं, असले प्रश्न मला पडले नाहीत. मी ओट्यावर उभं राहून आरडाओरडा सुरू केला. बायको चहाचं पातेलं हातात घेऊन बाहेर आली. माझं सगळं ऐकून घेतलं, रेतीच्या ढिगाकडे बघितलं, गाडीच्या तोंडाकडे बघितलं. मग म्हणाली, ‘अहो, पातेलं कलतं केलं की चहा कुणीकडे जातो?’

मी गाडी घेऊन खाली चौकात गेलो, वळवून परत आलो, रेतीच्या खालच्या अंगाला उताराला तोंड करून लावली आणि इंजिन गार होईस्तोवर तासभर ओट्यावर बसून राहिलो. पट्टी काढली. ऑइल खुणांच्या मधोमध. तेच ऑइल. परत चौकात गेलो, परत फिरवून आणली, चढाला तोंड, परत बसलो, परत बघितलं. वाकापर्यंत. शाळेला त्या दिवशी उशीर झाला. पट्टी इंजिनाच्या मागच्या अंगाला होती. गाडी उताराला वाकली की ऑइल पुढं धावायचं आणि पट्टी कोरडी राहायची. मी रोज तिला भूक लागलीय असं समजून भरवत होतो. ती ओकत होती.

आणि दोनच आठवड्यांपूर्वी मी चौथीच्या वर्गात हाच धडा शिकवला होता. बाटलीत निम्मं पाणी घ्यायचं, बाटली कलती धरायची. पाणी कलत नाही, ते आपली पातळी सोडत नाही. बाटली धरायला मी मिस्त्रीच्या मुलीलाच पुढं बोलावलं होतं. तिनं बाटली हळूच तिरकी केली आणि सगळ्या वर्गाला दाखवली. मी तिला शाब्बास म्हणालो होतो.

बोनेटच्या आतली ती पिवळी जपानी चिठ्ठी मी त्या दिवशी खूप वेळ बघत बसलो. त्यात काय लिहिलं होतं देव जाणे. मिस्त्रीनं मला सपाट जागा हे शब्द सांगितले नव्हते हे खरं आहे. भिवंडीच्या गॅरेजात सगळ्या गाड्या सपाट फरशीवर उभ्या राहतात, फाटाही सपाट आहे, त्याला ते सांगायचं सुचलं नाही. पण त्यानं मला पट्टी दाखवली होती. दोनदा दाखवली होती, आणि तिसऱ्यांदा दाखवू देत नव्हतो तो मी.

जास्तीचं ऑइल मी स्वतः काढून टाकलं. गाडी अशी चालायला लागली की विचारू नका. ना धूर, ना आचका. घाटात ती जितकी मऊ चालायची तितकं मला जास्त वाईट वाटायचं. तरी मी चार दिवस कुणाला काही बोललो नाही. शेडवरून जाताना वेग वाढवायचो. कुणाला कळणार होतं? पट्टी माझी, उतार माझ्या दारातला. चौथ्या दिवशी जेवताना बायकोनं ताटात भाकरी वाढली आणि म्हणाली, ‘दिवाळी आठ दिवसांवर आलीय. मिस्त्री जायच्या आत बोला.’ ती एवढंच बोलली.

दुसऱ्या दिवशी मी शेडमध्ये गेलो. तो एका सायकलचं चाक उघडून बसला होता. मी सगळं सांगितलं. उतार, पट्टी, रेती, सगळं. बोलता बोलता माझं मलाच हसू येईल की काय अशी भीती वाटत होती, इतकं ते साधं होतं. तो चाकाकडेच बघत ऐकत राहिला.

‘मी चोर नाय, ते मना ठाऊकच हाय, गुरजी,’ तो म्हणाला. ‘मना कशाला सांगता? बोललात तिथं सांगा.’

मी तिथंच निघालो. हॉटेलासमोर चार जीपा होत्या. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की चूक माझी होती, मिस्त्रीनं काम चोख केलं होतं, रिंगा नव्या होत्या, मी त्याच्यावर खोटा आळ घेतला. वाटलं, हसतील, टोमणे मारतील, आणि मारावेत. पण कुणी हसलं नाही. एकानं मान डोलावली आणि शेजाऱ्याला म्हणाला, ‘गुरुजी मोठ्या मनाचे. गरिबाचं पोट जाऊ नये म्हणून सोताकडं घेतात.’

‘अरे मन कसलं, खरं आहे ते!’ मी ओरडलो. मग गाडी आणली. फाट्याच्या पलीकडे रस्ता खाली उतरतो तिथं तोंड करून लावली, थांबलो, त्यांना पट्टी दाखवली. सपाटीवर आणली, थांबलो, परत दाखवली. घामानं माझा सदरा पाठीला चिकटला होता. त्यांच्यातला सगळ्यात म्हातारा ड्रायव्हर, तीस वर्षं ह्याच रस्त्यावर घालवलेला, समजूत घालावी तसं म्हणाला, ‘उतारावर पट्टी बघत नाय, हे आमाला ठाऊक हाय, गुरुजी.’

‘मग त्याच दिवशी का नाही बोललात?’

‘तुमी बोललात ना,’ तो म्हणाला. ‘तुमी कशाला खोटं बोलाल? आमाला वाटलं, दुसरं कायतरी असंल.’

मी पट्टी पुसून जागेवर घातली. त्या दिवशी एक जीप पंक्चर काढायला शेडमध्ये गेली. एकच. बाकीच्यांचं जव्हारच्या गॅरेजात बस्तान बसलं होतं आणि बसलेलं कुणी मोडत नाही. मी सुट्टी लागेपर्यंत रोज कुणा ना कुणाला धरून सांगत होतो. जितकं सांगावं तितका मी त्यांच्या डोळ्यांत मोठा होत होतो आणि तो होता तिथंच राहत होता. इतका हताश मी आयुष्यात कधी झालो नव्हतो.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली त्या सकाळी वर्ग नेहमीसारखा निम्मा रिकामा होता. दहाच्या सुमारास मिस्त्री आला. धुतलेला शर्ट घातला होता. खुर्ची दिली तर बसला नाही.

‘पोरीचा दाखला पायजे, गुरजी.’

आमच्याकडची माणसं जाताना दाखला कधी मागत नाहीत. चार-सहा महिन्यांनी परत यायचं असतं, मुलं मागच्या पानावरून पुढं सुरू करतात. जो दाखला मागतो तो परत येणार नसतो. मी म्हणालो, मुलीला माझ्या घरी जव्हारला ठेवा, वर्षाअखेरपर्यंत तरी ठेवा, माझ्या मुलींबरोबर राहील. आश्रमशाळेसाठी शब्द टाकतो म्हणालो. मी परत अहो-जाहोवर आलो होतो. त्यानं सगळं ऐकून घेतलं. ‘नको, गुरजी. तिकडं शाळा हाय. आमी संगंच राहू,’ म्हणाला.

मी दाखल्याचं पुस्तक काढलं. नाव, जन्मतारीख, इयत्ता, वर्तणूक. वर्तणुकीपुढं मी चांगली लिहिलं. मग तो रकाना आला, शाळा सोडण्याचे कारण. असे कितीतरी दाखले मी लिहिले असतील, ह्या रकान्याशी कधी थांबलो नव्हतो. त्या दिवशी पेन टेकवून बसून राहिलो. तो समोर उभा होता आणि त्याला वाचता येत होतं. मी लिहिलं, पालकांचे स्थलांतर. सही केली, शिक्का मारला आणि दाखला त्याच्या हातात दिला. त्यानं तो वाचला, घडी करून खिशात घातला.

मी त्याला सोडायला पटांगणात आलो. शाळेचं पटांगण आम्ही मुलांकडून धुमसून घेतलेलं, अगदी सपाट. माझी गाडी तिथं उभी होती, सकाळपासून गार झालेली. तो तिच्यापाशी थांबला, म्हणाला, ‘उघडा.’

मी बोनेट उघडलं. त्यानं पट्टी काढली, खिशातल्या फडक्यानं पुसली, परत घातली, परत काढली आणि दोन्ही हातांवर आडवी धरून माझ्यासमोर आणली. ऑइल दोन खुणांच्या बरोबर मध्ये होतं.

‘रिंगा नव्या व्हत्या, गुरजी.’

‘हो,’ मी म्हणालो.

त्यानं पट्टी जागेवर बसवली, बोनेट हळूच दाबून लावलं आणि फाट्याकडे निघून गेला. गाडी पुढं सात वर्षं माझ्याकडे होती. त्या रिंगा मला कधी बदलाव्या लागल्या नाहीत.